डाव किती मांडायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

१८२४ साली लंडन आणि एडिंबराच्या बुद्धिबळ मंडळांनी टपालाने सामना सुरू केला. पाच डाव झाले आणि ते संपायला १८२८ साल उजाडलं. आज फोनवर बसल्या जागी वीस डाव मांडता येतात. मांडायला पाच मिनिटं लागतात, निस्तरायला मात्र अजूनही महिने जातात. बुद्धिबळ असो, काळ्या-पांढऱ्या दगडांचा गो हा पटखेळ असो की शब्दांचे खेळ, ज्यात एकेका चालीला एक ते चौदा दिवसांची मुदत मिळते अशा डावांबद्दल आज बोलायचं आहे. हे डाव हौसेने घेतलेले असतात आणि बघता बघता त्यांचं ओझं होतं.

ओझं किती, हे डावांच्या आकड्यावरून कळत नाही. रोज आपल्यावर किती चाली येतात आणि एका चालीला किती मिनिटं लागतात, हे मोजावं लागतं. समजा २४ डाव चालू आहेत आणि रोज साधारण निम्मे प्रतिस्पर्धी चाल करतात. म्हणजे रोजच्या १२ चाली. एकेकीला ४ मिनिटं धरली तर ४८ मिनिटं झाली. पण ही सरासरी सुरुवातीला खोटी वाटते आणि खरी गफलत तिथेच होते. बुद्धिबळाच्या पहिल्या आठ-दहा चाली पाठ असतात, वीस सेकंदांत होतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात हात मोकळा वाटतो आणि माणूस आणखी दहा डाव घेतो. पुढे पंधराव्या चालीच्या आसपास पट गुंततो. तिथे एकेक चाल दहा मिनिटं मागते. सगळे डाव एकाच सुमारास मांडलेले असल्यामुळे ते सगळे एकदमच गुंततात.

मुदतीचा हिशेबही डाव मांडण्याआधी करावा. चालीला ३ दिवस असलेला ४० चालींचा डाव दोघांनी पूर्ण वेळ घेऊन खेळला तर २४० दिवस चालतो. गोच्या मोठ्या, १९ बाय १९ च्या पटावर दोघांचे मिळून अडीचशेच्या आसपास दगड पडतात. दिवसाला एक दगड पडला तरी आठ महिने गेले.

भार वाढला की बहुतेक जण भराभर चाली करून यादी रिकामी करू पाहतात. तसं केल्याने यादी वाढते. आपण लगेच उत्तर दिलं की समोरचा अजून पटावरच असतो, तोही लगेच चाल करतो. दोन तासांत त्याच डावात पाच-पाच चाली होतात आणि यादी पुन्हा भरलेली दिसते. त्यामुळे दिवसातून एकच फेरी ठेवा. वेळ ठरवा, आलेल्या चालींना उत्तरं द्या आणि बाहेर पडा. प्रत्येक चालीची सूचना बंद करा. मुदत संपत आल्याची सूचना मात्र चालू असू द्या.

रोज एकच फेरी असेल तर चालीला १ दिवसाची मुदत घेऊ नका. तुम्ही रात्री ९ वाजता बसता आणि साडेनऊला उठता. प्रतिस्पर्ध्याने ९ वाजून ३५ मिनिटांनी चाल केली, तर दुसऱ्या दिवशी ९ वाजता तुमच्याकडे ३५ मिनिटंच उरतात. बसायला तासभर उशीर झाला की डाव गेला. २ दिवस ही किमान मुदत, ३ दिवस बरे. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर १४ दिवसांपर्यंत मुदत मिळते, पण तिथे सुट्टी टाकून घड्याळ थांबवायची सोय नाही, म्हणून मुदत आधीच सैल घ्यावी. जिथे सुट्टी टाकता येते, तिथे परतल्यावर सगळी घड्याळं एकदम चालू होतात. त्या दिवसासाठी दीड-दोन तास राखून ठेवा.

आता आधीच डोक्यावर बसलेले डाव. प्रथम नवीन डाव घेणं थांबवा आणि एका बैठकीत, एकही चाल न करता, सगळे पट फक्त पाहून घ्या. बदल्यात काहीही न मिळता वजीर किंवा हत्ती गेलेला असेल तर हार मान्य करा. ताणत राहून समोरच्याचेही आठवडे खाऊ नका. पट समसमान आणि कोरडा असेल तर बरोबरीचा प्रस्ताव द्या. समोरच्याला एकच चांगली चाल आहे असं दिसत असेल तर सशर्त चाल लावून ठेवा: त्याने घोडा मारला तर माझं प्यादं परत मारेल. एकमेकांची मोहरी लागोपाठ मारली जात असतील तर यामुळे तीन-चार फेऱ्या वाचतात. उरलेल्या डावांत ज्याची मुदत कमी तो आधी घ्या. मात्र अवघड पट रोज मागे ढकलला जातो आणि शेवटच्या तासात घाईने खेळला जातो, म्हणून रोज एक अवघड पट डोकं ताजं असताना, अगदी सुरुवातीला घ्या.

मुदत संपू देऊन डाव घालवणं हा सगळ्यांत वाईट मार्ग आहे. दहा जिंकते डाव मुदत संपून हातचे गेले की मानांकन कोसळतं, मग आपल्याहून कमी ताकदीचे खेळाडू समोर येतात आणि त्यांच्यावर अन्याय होतो. डिप्लोमसी या युद्धाच्या पटखेळात तर सात जण असतात. एकाने हुकूम पाठवले नाहीत तर त्याचं सैन्य जागच्या जागी उभं राहतं, शेजारी त्याची पुरवठा-केंद्रं घेतो आणि उरलेल्या पाच जणांचाही खेळ बिघडतो. असा खेळ सोडायचाच असेल तर वेळेत कळवून बदली खेळाडू मागा.

भाराखाली चुका होतात त्या बहुधा एकाच जातीच्या: दुसऱ्या पटावरचा बेत या पटावर खेळला जातो. यावर दोन उपाय. चाल पक्की करण्याआधी विचारणारी सेटिंग चालू ठेवा आणि प्रत्येक डावाच्या टिपणात एक ओळ लिहा, जसं ‘राजाच्या बाजूची प्यादी पुढे, उंट बदलायचा नाही’. दुसऱ्या दिवशी पट पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागत नाही. टिपणाऐवजी संगणकाला चाल विचारायचा मोह मात्र टाळा. आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहार बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत संगणकाची मदत चालते, पण लिचेस आणि चेस डॉट कॉमवर ती फसवणूक ठरते.

पुढची मर्यादा आकड्यात ठरवा. रोज ३० मिनिटं, चालीला ४, म्हणजे ७ चाली. प्रतिस्पर्धी दिवसाआड खेळत असतील तर १४ डाव झेपतात. गुंतलेल्या पटांसाठी जागा ठेवून ११ वर थांबा. त्यावर असाल तर दोन डाव संपल्याशिवाय एक नवा घेऊ नका. स्पर्धेत नाव देताना विशेष जपा. सहा जणांच्या गटात प्रत्येकाशी पांढऱ्या आणि काळ्या बाजूने खेळायचं असेल तर दहा डाव एका क्षणी सुरू होतात. गट जिंकलात तर पुढच्या फेरीचे डावही न विचारता येतात, तेव्हा त्यांची जागा नाव देण्याआधीच मोजून ठेवा.