न्यूटन म्हणजे नवगावकर? नाही हो!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा तेच. "दादा, न्यूटन म्हणजे इंग्रजांचा नवगावकरच ना?" आज याचा निकालच लावतो.

सोपं आधी उरकू. न्यू म्हणजे नवं. टन म्हणजे जुन्या इंग्रजीतलं 'टून', आधी कुंपण घातलेलं आवार, मग वाडी, मग गाव. सटन दक्षिणेकडची वाडी, प्रेस्टन पाद्र्यांची. झालं.

घोळ पुढे आहे. तुम्ही त्या 'टन'ला 'कर' समजता. अहो, 'कर' माणसाला लागतो, 'टन' गावाला! न्यूटन हे अख्खं गावाचंच नाव.

मी दापोलीचा. पुण्यात हॉस्टेलला आलो आणि पहिल्याच दिवशी हाक आली, "ए दापोली, बादली आण!" दापोलीकर नाही हं, नुसतं दापोली. आता दापोलीत मला कोण दापोली म्हणेल? तिथं सगळेच दापोलीचे. न्यूटनांचंही बऱ्याचदा असंच झालं. गाव सुटलं की गावाचं नाव चिकटतं. आणि न्यूटन नावाची गावं इंग्लंडभर पसरलीत, त्यामुळे सगळे न्यूटन भाऊबंद नाहीत. कमेंटमध्ये वंशावळी जोडू नका, प्लीज.

'कर'सारखा शब्द त्यांच्याकडेही होता, पण नावाच्या आधी लागायचा, 'दे'. बाराव्या शतकात विल्यम दे हर्टबर्न नावाच्या सरदाराला डरहॅमकडचं वॉशिंग्टन मिळालं, आणि तो त्या गावाचा म्हणवू लागला. पुढे 'दे' गळाला, गाव उरलं. जॉर्ज वॉशिंग्टन याच घराण्यातले.

तरी कुणीतरी विचारणारच, "मग लिव्हिंगस्टनमध्ये दगड कुठला?" दगड नाहीच! लेव्हिंग नावाच्या माणसाचं टन, स्कॉटलंडात, एडिनबराच्या पश्चिमेला. पुन्हा टनच, पुन्हा गावच. एल्फिन्स्टन हेही तिकडच्या ईस्ट लोथियनमधलं गाव. म्हणजे मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनला २०१८ साली प्रभादेवी नाव येईपर्यंत आपण लोकलमधून एका स्कॉटिश खेड्याच्या नावावर उतरत होतो.

हॅमिल्टनवाले थांबलेत, त्यांचं घेतो. तिथं गंगा उलटी वाहिली. ग्लासगोजवळचं ते शहर आधी कॅडझो होतं. हॅमिल्टन घराणं तिथं जमीनदार, त्यांचं आडनाव मुळात दुसऱ्याच गावावरून आलेलं. १४४५ मध्ये ते या गावाला लागलं. तरीही तिथं 'टन' म्हणजे 'कर' नाहीच!