ताटाचे माप आणि ओट्याखालची जागा
(सांगली येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

माझ्या विनंतीवरून संयोजकांनी निमंत्रणपत्रिकेवर एक ओळ छापली होती : येताना घरातल्या सर्वांत मोठ्या ताटाचा व्यास मोजून आणावा. मघाशी विचारले तेव्हा सात हात वर झाले, आणि त्यांत फर्निचरच्या धंद्यातला एकही नव्हता. मीही याच धंद्यातला असल्यामुळे हे थोडे ओशाळूनच सांगतो. आम्ही आधी भिंत मोजतो, मग ओटा मोजतो आणि त्या मापात बसेल ते कपाट करून देतो; त्यात ठेवायचे काय, हे मोजायचे राहून जाते. मग पंधरा इंच उंचीच्या कप्प्यात सहा इंचांची ताटांची चळत बसते आणि वरच्या नऊ इंचांत नुसती हवा राहते.

सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता, कारण दीड-दोन फूट जाडीच्या भिंतीच्या पोटातच फडताळ आणि कोनाडे असत, आणि खोलीची इंचभरही जागा न अडवता घरातली रोजची भांडी तिथे मावत. आजच्या फ्लॅटमधल्या चार-सहा इंचांच्या भिंतीत फडताळ काढता येत नाही. त्यामुळे कपाट खोलीत पुढे येते, आणि आठ बाय सात फुटांच्या स्वयंपाकघरात ते नेमके कोपराला लागते.

ताटे आडवी रचावीत की उभी लावावीत, हा या विषयातला खरा वाद आहे. एकात एक रचलेली ताटे कमी जागा घेतात, हे मान्यच करायला हवे. पण तळातले ताट काढायचे तर वरची अकरा उचलावी लागतात, आणि ओली रचली तर मधले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच सापडते. आपल्याकडच्या ताटाळ्यात ती उभी राहतात, प्रत्येकाला इंच-सव्वा इंच रुंदी लागते, पण हवे ते ताट एका हाताने निघते. माझे मत असे की रोजच्या वापरातली सहा-आठ ताटे उभी असावीत आणि पाहुण्यांसाठीची बाकीची रचून माळ्यावर जावीत.

आता ओट्याखालचा हिशेब पाहू. ओट्याची उंची तेहतीस इंच धरली, वरची फरशी आणि खालचा पाया वजा केला, तर सत्तावीस-अठ्ठावीस इंच हाती उरतात. बारा इंचांचे ताट उभे राहायला तेरा इंचांची ट्रॉली लागते. तिच्यावर वाट्या-पेल्यांसाठी सहा इंचांची आणि सर्वांत वर चमच्यांसाठी चार इंचांची ट्रॉली बसते, आणि हालचालीसाठी लागणारी फट धरूनही जागा पुरते. घरातले ताट साडेतेरा इंचांचे निघाले, तर मात्र हा सगळा आराखडा पुन्हा मांडावा लागतो. माप मागवले होते ते यासाठी.

रुंदीतही एक गळती आहे, जी कोटेशनमध्ये कधी दिसत नाही. ट्रॉली ज्यावर आतबाहेर सरकते ते टेलिस्कोपिक चॅनेल प्रत्येक बाजूला अर्धा इंच खाते, म्हणजे एका ट्रॉलीमागे एक इंच गेला. शिवाय शेजारशेजारच्या दोन ट्रॉल्यांमधली प्लायची उभी फळी पाऊण इंच घेते. छत्तीस इंचांत एक रुंद ट्रॉली न करता तीन अरुंद केल्या, तर साडेतीन इंच जादा जातात, म्हणजे वाट्यांची एक अख्खी रांग गेली. उलट, एकच रुंद ट्रॉली स्टीलच्या भांड्यांनी भरली की चॅनेलवर भार येतो आणि ओढताना ती तिरकी धावते. म्हणून मी अठरा-अठरा इंचांच्या दोन करतो.

सिंकच्या वरची भिंत बहुतेक घरांत वाया जाते. फिनलंडमध्ये मैयू गेबहार्ड यांनी १९४४-४५ च्या सुमारास तिथल्या कार्यक्षमता संस्थेत यावर उपाय योजला : सिंकच्या डोक्यावर तळ नसलेले कपाट आणि आत तारेच्या जाळ्या. विसळलेली बशी तिथेच उभी करायची, पाणी खाली सिंकमध्ये गळते, आणि निथळण्याची जागा हीच ठेवण्याचीही जागा होते. आपल्याकडे ते जसेच्या तसे चालत नाही, कारण वाट्या आणि पेले पालथे घालावे लागतात, आणि पाणी बोअरचे असेल तर न पुसलेल्या स्टीलवर पांढरे डाग उमटतात. त्या कपाटाची खालची जाळी बारीक तारांची, वाटी कलंडणार नाही इतकी दाट करून घ्यावी.

सांगलीत आणखी एक माप घ्यावे लागते, ते पुराच्या पाण्याचे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या ओट्यावर चार बोटे पाणी होते. ओसरल्यावर पाहिले तर पार्टिकल बोर्डाच्या कडा चहात बुडवलेल्या खारीसारख्या फुगल्या होत्या आणि ट्रॉल्या बाहेर येईनात. आईच्या वेळची स्टीलची मांडणी मात्र तशीच भिंतीवर होती. तिच्या खालच्या ओळीतल्या वाट्यांत तेवढा गाळ बसला होता. नदीकाठच्या वस्तीत ओट्याखाली लाकूड वापरूच नये, असे मी तेव्हापासून सांगतो. तिथे कडप्प्याचे कप्पे आणि स्टीलच्या, उचलून बाहेर काढता येतील अशाच ट्रॉल्या असाव्यात.

वरच्या फळीची उंची टेपने ठरवू नये. घरातल्या सर्वांत बुटक्या, पण रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला ओट्यासमोर उभे करावे, टाचा न उचलता हात वर न्यायला सांगावे आणि बोटे जिथे पोहोचतील तिथे पेन्सिलने रेघ मारावी. रोजचे ताट त्या रेघेच्या खाली, पुरणाचे पातेले वर.