गोळी तीच, माणूस वेगळा

श्रोतेहो, नमस्कार. एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला का बाधते? यावरचा माझा आवडता किस्सा आज सांगतो.

साल 1975. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ नावाचे संशोधक होते. रक्तदाबावरच्या डेब्रिसोक्विन या औषधाचं पोटात गेल्यावर काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. मग काय, स्वतःच गोळी घेतली! सहकाऱ्यांनीही घेतली. तर थोड्याच वेळात स्मिथसाहेबांना गरगरायला लागलं. रक्तदाब इतका उतरला, की उभं राहवेना. सहकारी मात्र ठणठणीत! दुसरा कुणी ‘मला नाही बुवा सोसत’ म्हणून मोकळा झाला असता. यांनी सगळ्यांची लघवी तपासली. सहकाऱ्यांच्या लघवीत औषधाचं रूप बदललेलं सापडलं. यांच्या लघवीत औषध जवळजवळ जसंच्या तसं. यांचं यकृत ते मोडतच नव्हतं. गोळी तीच बरं का, यकृत वेगळं.

पुढे इतर स्वयंसेवकांना आणि त्यांच्या घरच्यांना तपासलं, तेव्हा हा गुण आनुवंशिक निघाला. 1977 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. यकृतात औषध मोडण्याचं काम एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन करतं; त्याला आज सीवायपी-2-डी-6 म्हणतात. त्याच्या जनुकाची आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, अशा दोन्ही प्रती निकामी असल्या, की औषध अंगात साचतं.

कोडीनची गोष्ट उलटी. ते वेदनाशामक या एन्झाइममुळे मॉर्फिन होतं, तेव्हाच नीट लागू पडतं. एन्झाइम नसेल तर दुखणं तसंच. आणि काहींच्यात या जनुकाच्या जास्तीच्या प्रती असतात. त्यांच्यात मॉर्फिन इतकं झपाट्यानं तयार होतं, की श्वास मंदावू शकतो. म्हणूनच टॉन्सिल काढलेल्या मुलांना कोडीन देऊ नका, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2013 मध्ये दिला.

पुन्हा सांगतो, गोळी तीच, शरीर वेगळं. एखादं औषध बाधलं असेल, तर त्याचं नाव लिहून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवा. नुसतं ‘ती पांढरी गोळी’ म्हणून भागत नाही. आता ते नाव पाकिटावर मुंगीच्या अक्षरात का छापतात, हे छापणाऱ्यांनाच ठाऊक! भिंग घ्या, पण लिहून ठेवा. नमस्कार.