एचआयव्हीच्या वाटेवर सापडलेल्या लशी

मित्रहो, लस संशोधकाचं काम आपण एकाच प्रश्नाने मोजतो : लस निघाली का? बार्नी ग्रॅहॅम यांना एचआयव्हीबद्दल हा प्रश्न विचारला, तर उत्तर आजही 'नाही' असंच आहे. तरीही विषाणूशास्त्राकडे वळू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं काम नीट समजून घ्यावं, असा माझा आग्रह आहे.

ग्रॅहॅम कॅन्ससचे, शिक्षणाने डॉक्टर. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला नॅशव्हिलच्या रुग्णालयात त्यांनी टेनेसी राज्यातले अगदी सुरुवातीचे एड्सचे रुग्ण पाहिले. १९८४मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी साधारण दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशा व्यक्त केली होती. ग्रॅहॅम मग व्हँडरबिल्ट विद्यापीठात एचआयव्हीच्या लशींच्या चाचण्या करू लागले. त्याच वेळी प्रयोगशाळेत त्यांनी आरएसव्ही हा दुसरा विषाणू हाती घेतला.

तान्ह्या बाळांच्या छातीवर हल्ला करणारा हा विषाणू. १९६०च्या दशकात फॉर्मॅलिनने मारलेल्या आरएसव्हीची लस काही बाळांना टोचली होती. पुढे संसर्ग झाला तेव्हा सर्वांत लहान गटातल्या लस घेतलेल्या दर दहापैकी आठ बाळांना रुग्णालयात न्यावं लागलं. दोन बाळं दगावली. संरक्षण करायची ती लस आजार वाढवून बसली. असं का झालं, या प्रश्नाला ग्रॅहॅम यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं दिली.

२०००मध्ये ते अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या सरकारी लस संशोधन केंद्रात आले. हे केंद्र मुळात उभं राहिलं एचआयव्हीसाठी. २००८च्या सुमारास जेसन मॅक्लेलन हा तरुण संशोधक एचआयव्हीच्या प्रथिनांची रचना अभ्यासायला तिथे आला. पीटर क्वाँग यांच्या प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून तो ग्रॅहॅम यांच्या मजल्यावर बसू लागला. एचआयव्हीचं बाहेरचं प्रथिन अस्थिर, वर साखरेच्या रेणूंनी झाकलेलं. रचनेचं तेच तंत्र आधी आरएसव्हीवर वापरून पाहावं, असं दोघांनी ठरवलं.

आरएसव्हीचं एफ प्रथिन पेशीत शिरताना चाप सुटावा तसं एकदम रूप बदलतं, आणि मग मागे फिरत नाही. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडं ओळखतात ते आधीचं रूप. जुन्या लशीत मुख्यतः होतं नंतरचं. २०१३मध्ये त्यांनी आधीच्या रूपाची रचना उलगडली आणि मोजके बदल करून ते रूप जागच्या जागी पक्कं केलं. माझ्या मते आपल्या काळातल्या लसशास्त्रातलं हे सर्वांत देखणं काम आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या स्वतःच्या एचआयव्ही लशीची मोठी चाचणी थांबवावी लागली, कारण ती संसर्ग रोखत नव्हती. पुण्यानेही हे अनुभवलं आहे. २००५मध्ये भोसरीच्या 'नारी'त, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, भारतातली एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी सुरू झाली. लस सुरक्षित ठरली, पण तिने जागवलेला प्रतिसाद तोकडा होता. एड्सचं नाव काढलं तरी लोक दूर सरत, अशा त्या काळात दंड पुढे करणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल मला फार आदर वाटतो.

पुढे मर्स हा कोरोना विषाणूमुळे होणारा श्वसनाचा आजार आला. ग्रॅहॅम, मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरोना विषाणूच्या स्पाइक प्रथिनात प्रोलीन या अमिनो आम्लाचे दोन रेणू बसवून तेही आधीच्या रूपात स्थिर केलं. त्यामुळे जानेवारी २०२०मध्ये नव्या विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला, तेव्हा काय करायचं हे ठाऊक होतं. ६६ दिवसांत, १६ मार्चला, मॉडर्नाच्या लशीचा पहिला डोस सिअ‍ॅटलमध्ये टोचला गेला. किझमेकिया कॉर्बेट या तरुण संशोधिकेचा त्यात मोठा वाटा होता. २०२३मध्ये आरएसव्हीच्या लशीही मंजूर झाल्या.

आणि एचआयव्ही? वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविर हे इंजेक्शन आता आलं आहे. आफ्रिकेतल्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. मग लस कशाला, असं तुम्ही विचाराल. पण औषध थांबलं की संरक्षण ओसरतं, आणि दर सहा महिन्यांनी ते मिळत राहील याची खात्री गरिबाला कोण देणार? लशीचं काम म्हणूनच चालू आहे. एका छोट्या चाचणीत लस घेतलेल्या ३६पैकी ३५ जणांच्या शरीरात, पुढे व्यापक, म्हणजे एचआयव्हीच्या अनेक प्रकारांना रोखणारी, प्रतिपिंडं बनवू शकतील अशा दुर्मीळ बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) जाग्या झाल्या. ही पहिली पायरी झाली. या पेशींना एकामागून एक वेगवेगळे डोस देत तयार प्रतिपिंडांपर्यंत कसं न्यायचं, यावर आता काम सुरू आहे.