सरिना विगमन आणि राखीव खेळाडूंचा बाक

३१ जुलै २०२२ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर ८७,१९२ प्रेक्षकांच्या साक्षीने इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाने जर्मनीला जादा वेळेत २-१ असे हरवले आणि युरोपीय अजिंक्यपद पटकावले. इंग्लंडचे दोन्ही गोल एला टून आणि क्लोई केली या बदली खेळाडूंनी केले होते. याला योगायोग म्हणता येणार नाही. प्रशिक्षक सरिना विगमन यांनी स्पर्धेतील सहाही सामन्यांची सुरुवात त्याच अकराजणींना घेऊन केली होती आणि बाकावरच्या खेळाडूंकडून काय हवे आहे, याचाही हिशेब तितक्याच काटेकोरपणे मांडला होता.

विगमन यांचा जन्म १९६९ मध्ये नेदरलँड्समधील हेग शहरात झाला. मुलींसाठी संघच नव्हते, म्हणून केस बारीक कापून त्या मुलांबरोबर खेळत असत. १९८९ मध्ये त्या अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळल्या आणि महिला फुटबॉल किती गांभीर्याने घेतला जाऊ शकतो, हे त्यांनी तिथे पाहिले. मायदेशी परतल्यावर मात्र राष्ट्रीय संघातून खेळत असतानाही त्यांना शाळेत शारीरिक शिक्षणाचे तास घ्यावे लागत होते. पुढे २००७ मध्ये हेगच्या एडीओ डेन हाग संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले आणि २०१२ मध्ये या संघाने लीग आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली.

जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती आली, तेव्हा मायदेशातील युरोपीय स्पर्धा अवघ्या काही महिन्यांवर होती. ही स्पर्धा सुरू असतानाच त्यांनी कर्णधार मँडी व्हॅन डेन बर्ग हिला संघाबाहेर बसवले. असा निर्णय अंगाशी आला असता, तर प्रशिक्षकाची धडगत नव्हती. पण एन्शेडे येथील अंतिम सामन्यात नेदरलँड्सने डेन्मार्कवर ४-२ अशी मात केली. दोन वर्षांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाला अमेरिकेकडून ०-२ अशी हार पत्करावी लागली.

सप्टेंबर २०२१ मध्ये त्या इंग्लंडच्या प्रशिक्षक झाल्या. तिथेही २०२२ च्या स्पर्धेपूर्वी त्यांनी अनुभवी स्टेफ हॉटन हिला वगळले आणि कर्णधारपद लिआ विल्यमसनकडे सोपवले. २०२३ च्या विश्वचषकात मध्यरक्षक कीरा वॉल्श जखमी होताच त्यांनी संघाची रचना बदलून तीन बचावपटू खेळवले आणि इंग्लंडला प्रथमच अंतिम फेरीत नेले. सिडनीतील त्या सामन्यात मध्यंतरालाच केलेले दोन बदल मात्र फळले नाहीत आणि स्पेनने १-० असा विजय मिळवला.

विगमन यांची खरी कसोटी लागली ती २०२५ मध्ये, स्वित्झर्लंडमधील युरोपीय स्पर्धेत. स्पर्धेच्या तोंडावर गोलरक्षक मेरी अर्प्सने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली, बचावपटू मिली ब्राइटने माघार घेतली आणि पहिल्याच सामन्यात फ्रान्सकडून १-२ असा पराभव झाला. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनविरुद्ध इंग्लंड दोन गोलांनी मागे होते. बदली म्हणून आलेल्या केलीच्या पासवर लुसी ब्राँझने पहिला गोल केला, पाठोपाठ १९ वर्षांच्या मिशेल अग्येमांगने बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये इंग्लंड तरले. उपांत्य सामन्यातही हेच घडले: इटलीविरुद्ध नव्वद मिनिटे उलटून गेल्यावर अग्येमांगने बरोबरीचा गोल केला आणि जादा वेळेत विजयी गोल केलीने नोंदवला. बाझेलच्या अंतिम सामन्यात लॉरेन जेम्स जखमी झाल्याने पूर्वार्धातच मैदानात उतरलेल्या केलीच्या क्रॉसवर अलेसिया रूसोने हेडरने बरोबरी साधली आणि स्पेनविरुद्ध निर्णायक पेनल्टीही केलीनेच मारली. हीच केली वर्षाच्या सुरुवातीला क्लबमध्ये खेळायला मिळत नाही म्हणून दुसऱ्या संघात उसनवार गेली होती.

या विजयासह विगमन यांनी युरोपीय अजिंक्यपद आणि विश्वचषक मिळून सलग पाच स्पर्धांच्या अंतिम फेरीत संघ नेला, तोही दोन वेगवेगळ्या देशांचा. त्यांतील तीन युरोपीय अजिंक्यपदे त्यांच्या नावावर आहेत; विश्वचषकाचे दोन्ही अंतिम सामने मात्र त्यांनी गमावले आहेत. इंग्लंडबरोबरचा त्यांचा करार २०२७ च्या ब्राझीलमधील विश्वचषकापर्यंतचा आहे.