कुठल्याही पत्त्यावर चालणारी छोटी बायनरी
(वरुड तालुक्यातील पदविका विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रहो, संत्र्याच्या बागेतील ठिबकाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा मायक्रोकंट्रोलर बोर्ड तुमच्यापैकी काही जण तयार करीत आहेत आणि आजचा विषय त्याच बोर्डाच्या एका अडचणीतून निघतो. शेतावर नवा प्रोग्राम भरताना मध्येच लाइन गेली, तर अर्धवट लिहिलेला प्रोग्राम घेऊन बोर्ड निकामी होतो. यावर रूढ उपाय असा की, फ्लॅश मेमरीचे (वीज गेली तरी प्रोग्राम टिकवणाऱ्या मेमरीचे) दोन कप्पे करायचे, चालू प्रोग्राम एकात शाबूत ठेवून नवा दुसऱ्यात लिहायचा आणि तो पूर्ण व निर्दोष ठरल्यावरच बूटलोडरने (बोर्ड सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) तिकडे वळायचे. त्याच्या पुढचा प्रोग्राम मात्र पुन्हा पहिल्या कप्प्यात जाणार. म्हणजे एकच बायनरी (यंत्रभाषेतील तयार प्रोग्राम) दोन निरनिराळ्या पत्त्यांवर चालली पाहिजे.

सी भाषेतील फाइल यंत्रभाषेत उतरवताना ती शेवटी मेमरीत कुठे बसणार, हे कंपायलरला ठाऊक नसते. म्हणून पत्ता हवा तिथे तो जागा मोकळी सोडतो आणि ‘येथे अमक्याचा पत्ता भरावा’ अशी नोंद ऑब्जेक्ट फाइलमध्ये, म्हणजे यंत्रभाषेत उतरवलेल्या पण अजून न जोडलेल्या फाइलमध्ये, करून ठेवतो. हीच रिलोकेशनची नोंद, आणि ती पुरी करणे हे ऑब्जेक्ट फाइली जोडून अंतिम प्रोग्राम बनवणाऱ्या लिंकरचे काम. पत्ता दोन तऱ्हांनी भरता येतो. आठवडी बाजार एका मैदानातून दुसऱ्यात हलवला, तर ‘भाजीच्या रांगेपासून तिसरे दुकान’ ही खूण टिकते, ‘शाळेच्या फाटकासमोर’ ही टिकत नाही. चालू सूचनेपासूनचे अंतर पहिल्या प्रकारचे आणि मेमरीतला पूर्ण पत्ता दुसऱ्या प्रकारचा. आपल्याला फक्त पहिला प्रकार हवा आहे.

तुमच्या लॅपटॉपवर ६४ बिटी लिनक्स असेल, तर हे इंटरनेटशिवायही पाहता येते. जीसीसी या कंपायलरला ‘मायनस सी’ हा पर्याय दिला की तो लिंक न करता ऑब्जेक्ट फाइलपाशी थांबतो. ‘मायनस एफ-पिक’ दिले की कोड जागेवर अवलंबून राहत नाही. आणि ‘मायनस एफ-फ्रीस्टँडिंग’ दिले की प्रमाण लायब्ररी हाताशी आहे असे तो गृहीत धरत नाही. तरीही मेमसेट, मेमकॉपी अशी मेमरी भरण्याची व नक्कल करण्याची मोजकी फंक्शने तो स्वतःहून बोलावू शकतो, म्हणून ती आपण लिहून द्यावी लागतात.

आता ‘चालू’, ‘बंद’ आणि ‘बिघाड’ या तीन संदेशांकडे दाखवणाऱ्या पॉइंटरांची (पत्ता साठवणाऱ्या चलांची) एक सारणी प्रोग्राममध्ये ठेवा आणि ऑब्जेक्ट फाइलमधील रिलोकेशनच्या नोंदी दाखवणारी ‘रीडएल्फ मायनस आर’ ही आज्ञा चालवा. सारणीसाठी ‘आर_एक्स८६_६४_६४’ प्रकारच्या तीन नोंदी दिसतील, म्हणजे तीन पूर्ण पत्ते. ‘एफ-पिक’ देऊनही ते उरतात, कारण तो पर्याय सूचनांची काळजी घेतो; पॉइंटरात पूर्ण पत्ता ठेवायला तुम्हीच सांगितले असेल, तर त्याला इलाज नाही. पॉइंटर काढून प्रत्येकी १६ बाइटांच्या तीन ओळींची अक्षरसारणी करा. ‘बिघाड’ला यूटीएफ-८ या अक्षर साठवण्याच्या पद्धतीत १५ बाइट लागतात, शेवटचा शून्य धरून बरोबर १६. पुन्हा कंपाइल केल्यावर त्या तिन्ही नोंदी गेलेल्या असतील. आज घरी गेल्यावर आधी हा प्रयोग करावा, असा माझा आग्रह आहे, कारण बटण दाबून बिल्ड करणाऱ्याच्या नजरेला ही नोंद कधी पडतच नाही.

पुढची पायरी लिंकरची. लहानशा लिंकर स्क्रिप्टने कोड आणि स्थिर डेटा सलग मांडा, एकदा शून्य पत्त्यावर आणि एकदा ६५,५३६ वर लिंक करा आणि ऑब्जकॉपी या आज्ञेने दोन्हींची निव्वळ बायनरी काढा. मग ‘सीएमपी’ने त्या ताडून पाहा. एकही बाइट वेगळा नसेल, तर आत पूर्ण पत्ता शिल्लक नाही. फरक असेल, तर ‘सीएमपी’ पहिल्या वेगळ्या बाइटाचा क्रमांक सांगतो. तो १ पासून मोजलेला असतो, हे ध्यानात ठेवून यंत्रभाषेतील सूचना वाचता येतील अशा दाखवणाऱ्या ऑब्जडंपमध्ये ती जागा शोधावी. मला हीच चाचणी सर्वांत विश्वासाची वाटते.

बोर्डावर आर्म कॉर्टेक्स-एम प्रोसेसर असेल, तर रिलोकेशनची नावे बदलतील, पण पद्धत हीच राहील. मात्र त्याच्या इंटरप्टच्या व्हेक्टर टेबलात, म्हणजे बाहेरून तातडीचा इशारा आल्यावर कुठले फंक्शन चालवायचे ते सांगणाऱ्या यादीत, पूर्ण पत्तेच लागतात, त्यामुळे ते टेबल या चाचणीतून वेगळे काढावे आणि निवडलेल्या कप्प्याप्रमाणे त्यातले पत्ते भरण्याचे काम बूटलोडरकडे सोपवावे.