चंद्रताल : काठाकाठाने एक फेरी

बहुतेक लोकांचं चंद्रताल पंधरा मिनिटांत बघून होतं. गाडीतळापासून चालत यायचं, पहिल्या टोकाशी उभं राहून फोटो काढायचे आणि धापा टाकत परतायचं. तलाव तिथून देखणा दिसतोच. पण त्याचा चंद्रकोरीसारखा बाक तिथून कळत नाही, आणि यात पाणी येतं कुठून, जातं कुठे, तेही नाही. त्यासाठी पुरी फेरी मारायला हवी.

हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पितीत, कुंझुम खिंडीच्या खालच्या अंगाला, ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर आपण आहोत. वाट जवळपास सपाट. रविवारी सह्याद्रीतले गड चढणाऱ्याला ती किरकोळ वाटेल. पण इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच, त्यामुळे थोडं चाललं की गप्पा आपोआप थांबतात. मनालीहून सकाळी निघून त्याच दिवशी इथे येणाऱ्या अनेकांना डोकेदुखी गाठते. किन्नौर-स्पितीकडून, मुक्काम करत करत आलेलं केव्हाही चांगलं.

तलाव उजव्या हाताला ठेवून निघू. इथले बौद्ध लोक चोर्तेनला, म्हणजे स्तूपाला, तशीच उजवी घालतात. आपली देवळातली प्रदक्षिणाही तीच.

काठाशी जरा वाकून बघा. पाणी इतकं नितळ, की तळाचे खडे मोजून घ्यावेत. चार हात पुढे तेच पाणी हिरवट होतं, त्याच्याही पुढे गडद निळं. पाणी तांबडा प्रकाश शोषतं आणि निळा मागे उरतो. खोली वाढते तसा रंग दाटत जातो. त्यात वर ढग सरकला, की सगळं क्षणात करडं. इथे दोन माणसांचे फोटो एकसारखे येत नाहीत, ते यामुळेच.

पायाखाली गवत आखूड आहे. फुलं तर जमिनीला चिकटूनच उमलतात, कारण मान वर काढली की वारा ती मोडणार. झाड एकही नाही. उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ कळप घेऊन येतात, त्यांच्या मेंढ्यांनी पाडलेल्या वाटा उतारावर आडव्या दिसतात. कधी तांबूस-केशरी पक्ष्यांची एखादी जोडी पाण्यावर दिसते. हे चक्रवाक. हिमालयातल्या उंच तलावांकाठी वीण करणारा हा पक्षी हिवाळ्यात आपल्या भिगवणलाही येतो. कवींनी या जोडीच्या नशिबी रोज रात्रीचा विरह लिहिला. पक्ष्यांना मात्र त्याची खबर नसावी!

आता पाण्याचा माग काढू. आत येणारा मोठा ओढा शोधूनही सापडत नाही. वरच्या उतारांवरचं बर्फ वितळतं आणि ते पाणी बरंचसं दगडगोट्यांच्या ढिगांत शिरून, खालून झिरपत येतं. बाहेर जाणारा प्रवाह मात्र उघड दिसतो. तो चंद्रा नदीला मिळतो. चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्या बारालाचा खिंडीच्या परिसरात उगम पावतात, विरुद्ध दिशांना निघतात आणि लांबचा वळसा घालून तांदीला भेटतात. पुढे तीच चंद्रभागा, म्हणजे चिनाब. (पंढरपूरची नव्हे, ती भीमा.)

४९ हेक्टरांची ही पाणथळ जागा २००५ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली. पूर्वी तंबू थेट काठाला लागत. आता ते काही किलोमीटर अलीकडेच थांबवतात. तेवढी चाल वाढते म्हणून कुरकुरणारे भेटतात. पण एवढ्याशा तलावाकाठी शेकडो माणसांची सांडपाण्याची सोय कशी करायची, याचं उत्तर त्यांच्याकडेही नसतं.

उरलेल्या वाटेवर सावली नाही. टोपी चढवा, पाण्याचे दोन घोट घ्या आणि दुपारचा वारा सुटायच्या आत गाडीतळ गाठा.